कंदिलात तेल शिल्लक होतं

माझ्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात घुबड अकरा वेळा ओरडलं होतं. मी मोजलं नव्हतं, बंड्यानं मोजलं. दोनशे चाळीस पानांचा गठ्ठा त्यानं परत आणून दिला तेव्हा प्रत्येक घुबडापाशी समासात लाल पेनानं आकडा घातलेला होता, पोत्यांवर घालतात तसा. शेवटच्या पानावर गोषवारा: घुबड ११, वटवाघळं ६, अमावास्या ४. आणि खाली, ‘एका महिन्यात चार अमावास्या कशा आल्या रे?’

बंड्या माझा पहिलीपासूनचा दोस्त. सांगलीच्या शाळेत एका बाकावर बसून आम्ही एकमेकांचे डबे खाल्ले आणि एकमेकांच्या चुका उतरवल्या. पुढे मी बँकेत लागलो, पुण्याला गेलो. तो हरिपुरात घरच्या हळदीच्या अडतीवर बसला तो बसलाच. कादंबऱ्या तो वाचत नाही. पेपर वाचतो, पंचांग बघतो आणि बाजारभाव तोंडपाठ सांगतो. म्हणूनच त्याला वाचायला दिली होती. पुण्यातल्या चार वाचकांनी ‘वातावरणनिर्मिती छान’ म्हटलं होतं, आणि असं कुणी म्हटलं की समजावं, गोष्ट बसलेली नाही.

लिहायला घेतली ती २०२०च्या टाळेबंदीत. मनात एवढंच होतं: प्लेगच्या दिवसांतलं कृष्णाकाठचं एक गाव, सावकाराचा वाडा, दोन बालमित्र, त्यातल्या एकाचा वाड्यात मृत्यू, आणि ‘हे माणसाचं काम नाही’ म्हणणारं सगळं गाव. इंग्रजीत ज्याला गॉथिक म्हणतात त्या जातीचं, पण रहस्याचा उलगडा शेवटी माणसांतच होणारं. त्या मार्चमध्ये साथीसाठी सरकारनं जो कायदा लावला तो १८९७चा, मुंबईत प्लेग पसरल्यावर केलेला. तो कायदा वाचता वाचता मी त्या काळात शिरलो. माळ्यावरच्या ट्रंकेत पूर्वजाची रोजनिशी वगैरे काही सापडली नाही. आमच्या माळ्यावर तुटका पंखा आणि लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या आहेत.

पहिला खर्डा आठ महिन्यांत झाला आणि तो वाईट होता. परक्या किल्ल्यातल्या सरदाराला धोतर नेसवून मी वाड्यात बसवलं होतं. नदीवर धुकं, दिवाणखान्यात हंड्याझुंबरं, जिन्यावर पांढरं काहीतरी. बंड्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाला, “तुझा सावकार खेड्यातला हाय ना? मग समईच्या उजेडात जेवंल की. झुंबरं कुणी दिली त्याला?”

“बरं, ते काढतो. पण भीती वाटते का?”

“कशाची?”

“वाड्याची.”

“मर्दा, वाड्यात आम्ही ऱ्हातोय. त्याला काय भ्यायचं?” मग जरा थांबून, “मी भितो ते पेवाला.”

कादंबरी खऱ्या अर्थानं सुरू झाली ती या वाक्यापासून.

आपण सगळेच ‘क्लासचं पेव फुटलंय’, ‘मंडळांचं पेव फुटलंय’ असं बोलतो, पण पेव पाहिलेलं माणूस आता शोधावं लागतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत पोट सुटत जातं, रांजणासारखं. खोली वीस-पंचवीस फूट. कड्यांना पाल्याचा नि वैरणीचा थर द्यायचा, माल भरायचा, वर पुन्हा पाला, मग दगड, मग माती. दख्खनभर लोक त्यात जोंधळा ठेवायचे. हरिपूरची माती आणि तिथला उंचवटा असा की तिथं हळदीची पेवं शेकड्यानं झाली, आणि सांगलीची पेठ देशभर गाजली त्यात या पेवांचा वाटा मोठा. २०१८ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोवर पेवांचे दिवस सरत आले होते. २००५च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं निकामी झाली. आता माल गोदामात आणि शीतगृहात जातो. बंड्याच्या अंगणातलं पेवही त्यानं बुजवून टाकलंय. वर फरशी आहे आणि फरशीवर स्कूटर.

गंमत अशी की मी लहानपणी त्याच अंगणात लगोरी खेळलोय. पायाखाली काय आहे ते मला ठाऊक होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. बंड्या मात्र त्या कोपऱ्यात चेंडू गेला की मला पाठवायचा. हे मला आता, पंचावन्नाव्या वर्षी आठवलं.

२०२२च्या मार्चात त्याचा फोन आला. गावातलं एक चालू पेव उघडणार होते, येणार का? मी रात्रीच्या गाडीनं गेलो.

सकाळी आठला पोचलो तेव्हा माती काढून झाली होती. दोघा हमालांनी दगड सरकवला, खालचा पाला उपसला. आतून वास आला तो हळदीचा, पण डब्यातल्या हळदीचा नव्हे. ओल, माती आणि काहीतरी आंबूस अशी सगळी मिसळण. तोंडाशी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग कुणीच काही करेना. सगळे सावलीला बसून तंबाखू मळायला लागले. मी बंड्याला विचारलं, उतरायचं कधी? त्यानं डोळ्यांनीच नानांकडे बोट केलं.

नाना सत्तरीचे. हयात पेवात गेलेली. त्यांनी कंदील पेटवला, काच पुसली, वात नीट केली आणि दोरीनं तो हळूहळू खाली सोडला. मी ओणवून बघत होतो. पुरुषभर खाली जाईस्तोवर ज्योत होती तशीच. मग ती आखडली, पिवळ्याची तांबूस झाली आणि विझली. फडफडली नाही, धूर नाही. पाण्यात बुडवल्यागत गेली. नानांनी दोरी वर ओढून घेतली, कंदील शेडच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवला आणि येऊन पुन्हा सावलीत बसले.

“त्यो बसलाय आत,” ते मला म्हणाले. “जेवतोय. त्येचं जेवान हुंदे, मग जायचं.”

“आणि जेवण व्हायच्या आधी गेलं तर?”

“मग तुमालाच खातंय की.”

एवढं बोलून त्यांनी तंबाखूची चिमूट गालात सरकवली. दुपारी त्यांनी दोरीला घोंगडं बांधून ते विहिरीत पोहरा हलवावा तसं बराच वेळ खालीवर केलं. पुन्हा कंदील सोडला, पुन्हा विझला, फक्त या खेपेला थोडा खोल जाऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील तळाला टेकला तरी जळत राहिला, तेव्हा पहिला माणूस उतरला. त्याच्या कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक नानांनी दुसऱ्या कुणालाही दिलं नाही.

यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. कोठारात भरलेलं धान्य किंवा कंद हा मेलेला माल नसतो, तो श्वास घेत असतो. बंद पेवात तो प्राणवायू संपवत जातो आणि कर्बवायू सोडत जातो. म्हणूनच पेवात कीड लागत नाही; किडीलाही श्वास लागतोच. कर्बवायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो तळाशी साचून राहतो. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो सोळाच्या आसपास आला की ज्योत विझते आणि माणूस अजून शुद्धीवर असतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी मरतो, आणि तेवढ्या अंतरात माणूस वाचतो. नानांना टक्के ठाऊक नव्हते. ‘त्यो’ ठाऊक होता, त्याचं जेवण ठाऊक होतं, आणि जेवण संपल्याचं कळण्याची खूणही ठाऊक होती.

इथं एक आडकथा सांगायला हवी. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी दाभोलकरांना मारलं तो ओंकारेश्वराजवळचा पूल माझ्या रोजच्या वाटेवरचा. त्यानंतर पुण्यात बसून भुताची कादंबरी लिहायची तर हात कचरतोच. आपण मजेत लिहून जायचं आणि कुठल्यातरी भगताचं दुकान चालवायचं, ही भीती पहिल्या खर्ड्याच्या वेळी माझ्या मानेवर बसलेली होती. म्हणून मी प्रत्येक घुबडामागून एक सुधारक आणून त्याच्याकडून भाषण करवत होतो. सुधारक ५, हे बंड्यानं सभ्यपणानं मोजलं नव्हतं एवढंच. नानांना पाहिल्यावर ती भाषणं मी काढून टाकली. गावाला अडाणी आणि एका शहाण्याला शहाणा करून ही गोष्ट सांगता येणार नव्हती. ज्या समजुतीनं शंभर माणसं वाचवली तीच समजूत एखादं मरण झाकायलाही कामी येऊ शकते, हे मला हवं होतं.

आणि मग तो कंदील. पुण्याला परतताना गाडीत माझ्या डोळ्यांसमोर पेव नव्हतं, नानांचा हात होता. विझलेला कंदील वर आला, तो हात काही विचार न करता खिळ्याकडे गेला आणि कंदील अडकवून मोकळा झाला. पन्नास वर्षांची सवय. कराडच्या पुढं कुठंतरी मी मोबाइलवर टिपून ठेवलं, ‘कंदिलात तेल शिल्लक होतं.’

उलगडा असा: कादंबरीतला मास्तर रात्री सावकाराच्या पेवात उतरतो आणि मरतो. सकाळी लोक येतात तेव्हा पेवाशेजारच्या पडवीत कंदील खुंटीला टांगलेला आहे, विझलेला. सगळे म्हणतात, मास्तर एकटा आला, कंदील वर टांगून अंधारात उतरला, पेवातल्यानं त्याला ओढलं. पण तो कंदील रात्रभर तिथं टांगलेला असता तर तेल संपेपर्यंत जळला असता, काच काळी झाली असती. काच स्वच्छ आहे, टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली आहे. म्हणजे कंदील आधी आत सोडला गेला होता. तो विझला. कुणीतरी तो वर ओढून घेतला, सवयीनं खुंटीला अडकवला, आणि तरीही मास्तर खाली गेला. तो हात कुणाचा?

बंड्याला फोनवर सांगितलं. दोन मिनिटं गप्प. मग अडत्याच्या आवाजात म्हणाला, “वाऱ्यानं विझला आसंल.”

“हरिकेन कंदील आहे. वाऱ्यासाठीच काढलेला असतो तो.”

“मग सकाळी जो पयला आला त्यानं विझवला.”

हे मात्र अडचणीचं होतं. तीन आठवडे मी त्यावर अडलो. सोडवणूक मिळाली ती प्लेगकडून.

तोवर प्लेग माझ्या कादंबरीत पडद्यासारखा टांगलेला होता. मागं असायचा, कामाला यायचा नाही. ‘केसरी’चे त्या काळातले अंक आणि सरकारी अहवाल वाचताना मी आकडे उतरवत बसलो होतो. त्या दिवसांतलं गाव कसं दिसायचं, ते चित्र मनात धरलंच नव्हतं. घरात उंदीर पडायला लागले की लोक काय करत? गाव सोडत. माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८मध्ये कराचीत दाखवलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. सरकार घरं धूत होतं, माणसं तपासत होतं, कारंटीनात टाकत होतं. गावकऱ्यांना मात्र एक साधी गोष्ट अनुभवानं कळलेली होती: उंदीर मेला, घर सोडा. कुणी म्हणे वास्तू कोपली, कुणी म्हणे देवीचा फेरा आला. पण सोडायचे, आणि सोडणं बरोबर होतं. पुन्हा नानांचाच प्रकार.

आता डोळ्यांसमोर आणा. चैत्र, शके १८२२, म्हणजे १९००चा एप्रिल. आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेलाय, दुष्काळ आहे. प्लेग आहे. सगळं गाव माळावर झोपड्यांत, आणि खाली नदीकाठाला रिकामं गाव. दारांना कड्या, तुळशी वाळलेल्या, एक चूल पेटलेली नाही. मी वर्षभर धुकं आणि घुबडं जमवत बसलो होतो आणि यापेक्षा भेसूर असं काय असणार होतं? त्या काळोख्या गावात एकच दिवा दिसतो, सावकाराच्या पडवीतला, कारण सावकार पेवातला जोंधळा सोडून हललेला नाही. माळावरच्या झोप न येणाऱ्या म्हाताऱ्या, आजारी माणसाशी जागणाऱ्या बाया, सगळ्यांची नजर त्या दिव्याकडे लागलेली. आणि पहिली झोप व्हायच्या आत तो दिवा जातो. सकाळी सगळ्या शपथेवर सांगतात, “दिवा भुतानं गिळला. आमी बगितला गिळताना.”

आणि ते खरं असतं. दिवा खाली गेला, आणि पुन्हा दिसला नाही. बंड्याच्या शंकेचं उत्तर गावच्या भुतानंच दिलं: कंदील सकाळी कुणी विझवला नाही, तो रात्रीच गेला. तपास करणारा जो कारकून आहे, तो आधी या बायकांना वेड्यात काढतो आणि शंभर पानांनंतर त्यांच्याच जबानीपाशी परत येतो. ही शंभर पानं लिहिताना मला जेवढी मजा आली तेवढी नोकरीच्या तीस वर्षांत आली नाही.

बाकीचं काम रुक्ष होतं, ते भराभर सांगतो. मोडी शिकलो. सहा महिन्यांत अक्षरं लागायला लागली, पण ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसलेली, हात न उचलता ओढलेली ती ओळ वाचताना अजूनही घाम येतो. कादंबरीत तिचा उपयोग एका चिठ्ठीपुरता झाला. शब्दांची झाडाझडती घेतली. मी सगळीकडे ‘रॉकेल’ लिहिलं होतं, ते ‘घासलेट’ केलं. ‘पाच मिनिटांत’ काढून ‘पान लागेपर्यंत’ केलं. वेळेवरून एक मोहही झाला. १९०६पूर्वी भारतीय प्रमाणवेळ नव्हती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि गावं आपापल्या सूर्यावर. मिरज स्टेशनचं घड्याळ आणि सांगलीकडचा सूर्य यांत जवळजवळ २३ मिनिटांचा फरक पडतो. या २३ मिनिटांवर मी सावकाराच्या पुतण्याचा एक झकास बचाव रचला. दोन प्रकरणं, आकृतीसकट. बंड्या म्हणाला, “हे वाचताना मला टॅक्स भरल्यागत वाटलं.” काढली. अजून माझ्याकडे आहेत ती, कुणाला हवी असतील तर.

तिसरा खर्डा २०२३च्या दिवाळीत त्याला दिला. आता त्यात घुबड फक्त एक होतं. वाड्यातली बळदं, माजघर, परसातला आड, पडवी, सगळं मी त्याच्या घरावरून घेतलं होतं, कारण दुसरं कुठलं घर मला इतकं ठाऊक नाही. सावकार आणि मास्तर यांची मैत्रीही थोडी आमचीच होती. डबे खाणारी, एकमेकांना आईवरून बोलणारी, आणि एकाकडे पैसा आहे नि दुसऱ्याकडे नाही हे कधीच न बोलणारी.

आठ दिवसांत वाचून देणारा माणूस. महिना गेला. मी फोन केला तर “सीझन हाय रे” म्हणाला. दिवाळीत कसला हळदीचा सीझन? संक्रांतीला तिळगुळाचा मेसेजही नाही. फेब्रुवारीत त्याच्या मुलीच्या साखरपुड्याची पत्रिका आली, तीही पोस्टानं. मी गेलो. त्यानं मला हाताला धरून जेवायला बसवलं, आग्रह केला, जिलबी वाढली, आणि कादंबरीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. परतीच्या गाडीत माझं पोट दुखत होतं ते जिलबीनं नव्हे.

मे महिन्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

“आमच्या पणज्याचा थोरला भाऊ पेवात गेला. म्हाईत हाय तुला?”

मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षांत त्यानं सांगितलं नव्हतं.

“पेवातल्यानं ओढला म्हणतात. मी ल्हान होतो तवापासून तेवढंच ऐकतोय. वर कोण होतं ते आमच्यात कुणी विचारत न्हाई.” मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. “तुझं वाचल्यावर मी आत्तीला विचारलं.”

आत्ती अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. मी लहानपणी त्यांच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात. त्या म्हणाल्या होत्या, “झाकल्यालं हाय, झाकल्यालं ऱ्हाऊ दे. नारळ फोडायचा आन गप बसायचं.” एवढंच. आणि मग उठून देवापाशी जाऊन बसल्या.

मी म्हणालो, मी ते सगळं बदलतो. पेव काढतो, विहीर करतो. खरं सांगायचं तर हे म्हणताना माझा जीव गेला होता. विहीर केली तर कंदील जातो, माळावरच्या बाया जातात, काहीच राहत नाही. बंड्याला तेही कळत होतं. दुसऱ्याच्या घरातलं मरण आपण न विचारता उचललं, हे मला ठाऊक नव्हतं हे खरं. पण अंगणात तो मलाच चेंडू आणायला पाठवायचा, तेव्हा कधीतरी विचारायला हवं होतं.

“पेव ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “कंदील बी ऱ्हाऊ दे. खुंटी काढ.”

“खुंटी?”

“पडवीतली खुंटी तू आमची लिवलीयस. डाव्या हाताची, वरचं टोक मोडल्याली. आजून हाय ती. आत्ती तिला काय बी आडकवू देत न्हाई. मला आजवर वाटायचं, मोडल्याली हाय म्हणून.”

मी खुंटी काढली. तिच्या जागी तुळईला लोखंडी कडी घातली आणि कंदील कडीला टांगला. तुळई उंच, तिथवर हात न्यायला टाचा वर कराव्या लागतात. खुंटीकडे हात आपसूक जातो, कडीकडे न्यावा लागतो. प्रसंगाची धार त्यानं बोथट झाली, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी पुन्हा विचारलं नाही.

प्रकाशकाचं सांगायचं तर, पहिल्यानं वर्षभर संहिता ठेवून घेतली आणि मग सुचवलं की शेवटच्या पानावर पेवातून एक हात वर येताना दाखवा, म्हणजे भाग दोन करता येईल. मी गठ्ठा परत घेतला. दुसऱ्यानं काही सुचवलं नाही, फक्त मुखपृष्ठावर घुबड टाकलं. ते काढायला तीन बैठका लागल्या.

गेल्या पावसाळ्यात पुस्तक आलं. पहिली प्रत घेऊन हरिपूरला गेलो. बंड्या अडतीत गादीवर बसला होता. मागं हळकुंडांच्या पोत्यांची थप्पी, पुढं वही, कानाला पेन, तेच लाल. त्यानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, किंमत बघितली, “चारशे? कोण घेणार?” म्हणाला, आणि सरळ शेवटाकडून उघडलं. कंदिलाचं पान त्याला सापडलं. मी समोर चहा पीत बसलो. त्यानं ते पान एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मध्येच एक गिऱ्हाईक भाव विचारायला आलं, त्याला हातानंच थांबवलं.

“कडी न्हाई बरी वाटत,” तो म्हणाला.

“तूच काढ म्हणालास खुंटी.”

“म्हणालो होतो.” त्यानं कानाचं पेन काढलं, समासात काहीतरी खूण केली आणि पुस्तक गल्ल्यावर ठेवलं. “आत्ती गेली मागच्या म्हैन्यात. तुला कळवायचं ऱ्हाऊन गेलं.”

मी कप खाली ठेवला.

“दुसऱ्या आवृत्तीत बघ,” तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.